श्वासाचा आकडा

तब्येत कशी आहे असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणारा चांगल्या मनानं विचारतो, कळतंय की मला. पण बरी आहे म्हणावं तर खोटं, आणि खरं सांगायला बसलो तर त्याचा चहा गार होतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. डावा हात डायलिसिसच्या सुयांत अडकलाय, तो हलवायचा नाही. उजवा मोकळा आहे आणि मशीन संपायला अजून पुष्कळ वेळ आहे.

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला नुकतंच सांगितलं असेल की किडन्या गेल्या, तर हे तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही, हुशार पेशंट तर अजिबात नाही. मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून लिहितोय. धीर देणारं काही हवं असेल तर दुसरीकडं बघा, इथं ते फारसं सापडणार नाही.

वास

मी इक्बाल शिकलगार. आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरायचे, अब्बा लेथ मशीनवर कामाला लागले, आणि मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कोअरशॉपचा सुपरवायझर झालो. लोखंड ओतताना आत जिथं पोकळी ठेवायची असते तिथं वाळूचा घट्ट ठोकळा बसवतात, तो कोअर. वाळूला रेझिन, म्हणजे कण चिकटवणारी राळ, लावायचं आणि तापलेल्या साच्यात भाजायचं. भाजताना अमोनिया सुटतो. नवीन माणूस पहिल्या दिवशी डोळे पुसत बाहेर पळतो. आठवड्याभरात त्याला वासच येईनासा होतो.

आमच्या शॉपमध्ये एक रीत आहे. प्रत्येकाच्या खिशात आमसुलाची पुडी असते. मशीनवर उभं राहिलं की एक आमसूल गालात धरायचं, दिवसभर चोखायचं. घसा खवखवत नाही आणि तोंडाला चव राहते. ही रीत कुणी सुरू केली कुणाला माहीत नाही, पण आमसूल न चोखणारा माणूस मी तिथं बघितला नाही.

तर मी घरी आलो की माझ्या अंगाला कोअरशॉपचा वास असायचा, लग्न झाल्यापासून. माझी बायको रुबीना सुरुवातीला नाक मुरडायची, मग तिलाही सवय झाली. मधे काही महिने ती म्हणायला लागली की वास अंगाला नाही, तोंडाला येतोय. मी म्हटलं, दिवसभर तेच हुंगतोय, तोंडाला येणारच की. जेवण जात नव्हतं, मटणाची चव लोखंडासारखी लागायची, संध्याकाळी पाय सुजायचे. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं फौंड्रीचं उत्तर तयार होतं. उभं राहून पाय सुजतात. उष्णतेनं भूक मरते. हवेत लोखंड आहे म्हणून तोंडाला लोखंड.

बकरी ईदला सुट्टी होती आणि तिला जोडून मी रजा टाकली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. ईदनंतर दोन दिवसांनी सकाळी रुबीनानं मला चहा दिला आणि तिथंच उभी राहिली.

"कारखान्याचं तोंड बघितलं न्हाईसा इतकं दिवस," ती म्हणाली, "मग ह्यो वास येतोय कुठनं?"

मी ओरडलो. पाहुण्यांसमोर ओरडलो. ओरडणं ही माझी जुनी सवय, मशीनच्या आवाजात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, तेच घरी चालू राहतं. पाहुणे गेल्यावर तिनं स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि स्वतः बुरखा चढवून दारात उभी राहिली.

दवाखान्याच्या बाहेर

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर दोनदा मोजलं. मग आ करायला सांगितलं आणि थोडं पुढं वाकले. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण त्यांनी लगेच रक्त-लघवीची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, आजच करा, उद्यावर टाकू नका.

किडनीच्या मोठ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की दोन्ही किडन्या आकसल्यात. ब्लडप्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार, मला पत्ताच नव्हता. रक्तातली जी घाण किडनीनं बाहेर टाकायची ती आता श्वासातून बाहेर पडतेय, त्यातलाच अमोनिया, म्हणून तो वास. डॉक्टर शांतपणे सांगत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या किडनीकडं बघत होतो. मला भीती वाटली नाही, राग आला. कुणाचा ते ठरवता येईना.

रुबीनानं एकच विचारलं, वासावरनं आधी कळलं असतं का. डॉक्टर म्हणाले, कदाचित थोडं आधी. पण नक्की कुणी सांगू शकत नाही. हे वाक्य त्यांनी आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं असणार. मला त्यातलं 'थोडं आधी' एवढंच ऐकू आलं.

बाहेर येऊन मी स्कूटरवर बसलो. ती मागं बसली. मी किल्ली फिरवली नाही आणि तीही चला म्हणाली नाही. पार्किंगवाला येऊन म्हणाला, पावणं, गाडी काढा की, मागं लाइन लागलीया. तेव्हा कुठं निघालो.

खुर्ची

आठवड्यातून तीनदा खुर्ची. मंगळ, गुरू, शनि. आधी वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं तेवढं अंगात साठलेलं पाणी, कारण लघवी जवळजवळ बंदच झालीय. मग हातावर जिथं शीर आणि धमनी जोडून दिलीय तिथं दोन जाड सुया. त्या जागेवर बोट ठेवलं की थरथर लागते. ती चालू पाहिजे. झोपेतून उठलं की मी आधी ती तपासतो, मग डोळे नीट उघडतो.

दुखतं का, असं सगळे विचारतात. सुया टोचताना दुखतं, पण ते काही एवढं नाही. पाणी जास्त काढलं की पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा मोठी माणसं लहान पोरांसारखी रडतात. मीही रडलोय. सिस्टर येऊन पाय दाबते, ती माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल, आणि मला तिच्याकडं बघवत नाही. एवढं सगळं करून घरी जायचं आणि परवा परत यायचं.

पण खरी गोष्ट तहानेची आहे. दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून दिलेलं. चहा, आमटी, ताक, सगळं त्यातच धरायचं. दुपारी शेजारच्या घरात कुणी माठात पेला बुडवला तरी मला आवाज यायचा. बायको-मुलगी पाणी प्यायला आत जायच्या, माझ्यासमोर पीत नसत. त्याचाही मला राग यायचा. म्हटलं, मी काय मेलोय का, प्या की इथं. मग एकदा सना, माझी मुलगी, बारावीला आहे, ती समोर बसून प्यायली आणि मी उठून गच्चीवर गेलो.

फाईल

किडनी बदलता येते. बहीण देईन म्हणाली, पण तिला साखर. अम्मीचं वय झालंय. राहिली रुबीना. तिनं मला न सांगता रक्तगट तपासला, मग डॉक्टरांना भेटून आली, आणि एक दिवस जेवताना सांगितलं की जुळतंय. भाजी झाली म्हणून सांगावं तशा आवाजात.

मी नाही म्हटलं. तो काही त्यागबिग नव्हता, मी घाबरलो होतो. मशीनवर मी आहे तोवर घरात एक माणूस उभं आहे. ती पण आडवी झाली तर? ब्लाऊज शिवते, दिवसभर मशीनवर वाकून बसते, तिला काही झालं तर सनानं कुणाकडं बघायचं? आणि माझ्या शरीरानं तिची किडनीही घालवली तर मी तिला काय तोंड दाखवू? हे सगळं मी तिला नीट सांगितलं नाही. सांगायच्या ऐवजी ओरडलो, आणि ती फाईल घेऊन पुढच्या तपासणीला निघून गेली.

तिचा भाऊ रियाज शिरोळला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. तो आला, चहाला हात लावला नाही. म्हणाला, "दाजी, तुमच्याबद्दल वाईट न्हाय वाटत असं न्हाय. पण माझी भन कापायला द्यायला माझं मन हुईना." मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. माझ्याच मनातलं तो बोलत होता. पण रुबीना आतून येऊन त्याच्याशी इतकी भांडली की तो गेला तो माझ्याशी बोलेना. बहिणीशी भांडण आणि बोलणं माझ्याशी बंद, असा न्याय. मोहल्ल्यातले दोघेजण हे मजहबात बसतं का म्हणून विचारायला आले. अम्मीनं त्यांना चहा न पाजता परत पाठवलं. आमच्या घरात असं आधी कधी झालं नव्हतं.

फाईल मात्र चालतच राहिली. तिच्या तपासण्या एकामागून एक बऱ्या येत होत्या, आणि प्रत्येक रिपोर्टला मी मनात म्हणायचो, या अल्ला, एखादा तरी नापास कर. आणि लगेच वाटायचं, हे मी काय मागतोय.

डबी

याच दिवसांत नम्रता आली. भौतिकशास्त्रात पीएचडी करणारी मुलगी, शाहूवाडीकडची, वडील भातशेती करतात. डायलिसिसच्या पेशंटच्या श्वासातला अमोनिया मोजायचं यंत्र ती बनवत होती. डॉक्टरांची परवानगी घेऊन आली होती. डायलिसिसच्या आधी एकदा आणि नंतर एकदा पिशवीत फुंकायचं, बस्स. सुई नाही, रक्त नाही. मला काका म्हणाली आणि मी लगेच तयार झालो.

यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी डबी. आत नखाएवढी पट्टी, तिच्यावर धातूच्या ऑक्साइडचा थर. त्या थरातले कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसत नाहीत, नॅनो म्हणतात ते. मी विचारलं, एवढे बारीक कशाला? ती म्हणाली, कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग जास्त, वायूला बसायला तितकी जास्त जागा. अमोनिया त्यावर बसला की त्यातून जाणारा विजेचा प्रवाह बदलतो, त्यावरून आकडा निघतो. मला हे झटकन कळलं. आमच्याकडं वाळू बारीक आली की रेझिन जास्त पिते, त्याचंही कारण हेच. तसं मी तिला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, काका, आमच्या सरांपेक्षा सोपं सांगितलंत. कित्येक महिन्यांत कुणीतरी माझ्याशी रिपोर्ट सोडून काहीतरी बोललं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी रुबीनाला कोअरच्या वाळूवर अर्धा तास व्याख्यान दिलं.

तिनं सुरुवातीलाच बजावलं होतं की हा आकडा उपचारासाठी नाही. यंत्र अजून शिकतंय, आकडा पेशंटला दाखवायचा नाही. मी दहा वेळा मागितला, तिनं दहा वेळा नाही म्हटलं, आणि मग एकदा स्क्रीन माझ्याकडं वळलेला राहिला. पुढं मीच मान वाकडी करून बघायला लागलो. डायलिसिसच्या आधी मोठा आकडा, नंतर लहान. दर वेळी तसंच. मला ते फार आवडलं. एवढं सोसून काहीतरी होतंय हे डोळ्यांना दिसत होतं.

उन्हाळा लागला. तहान सोसेना. त्याच सुमाराला शॉपमधला बाबासो भेटायला आला. पंधरा-वीस वर्षं आम्ही शेजारी उभे राहिलोय. येताना आमसुलाची पुडी घेऊन आला, म्हणाला, सगळ्यांनी मिळून पाठवलीया, कोअरशॉपची आठवण. मीठ लावलेलं आमसूल मला बंद, डायटिशियननं पहिल्याच दिवशी यादीतून काढलेलं. मी पुडी पँटच्या खिशात टाकली आणि रुबीनाला सांगितलं नाही. एक गालात धरलं की तोंडाला पाणी सुटायचं. पाणी न पिता तोंड ओलं! मला तर खजिनाच सापडला. दवाखान्यात जातानाही वाटेत चोखायचो आणि दारात थुंकून आत जायचो.

आणि आकडा उतरायला लागला. डायलिसिसच्या आधीचाच आकडा. आज थोडा कमी, पुढच्या वेळी आणखी कमी. नम्रता भुवया गोळा करून पट्टी बदलायची, परत फुंकायला लावायची. परत कमीच. मी म्हटलं, किडनी काम करायला लागली असेल का गं? ती म्हणाली, काका, असं मला म्हणता येणार नाही, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, तुमचं रक्त होतं तसंच आहे, त्या यंत्रावर जाऊ नका. पण मी गेलोच. रक्त महिन्यातून एकदा बघतात, डबी दर वेळी बघते, ती नवीन आहे, तिला बारीकसारीक आधी कळत असणार, असं सगळं मी स्वतःला समजावलं. ज्याला वाचायचं असतं तो काय काय समजावतो स्वतःला, तुम्हाला सांगून खरं वाटायचं नाही.

मी वासाच्या वेळी ऐकलं नव्हतं. आता ऐकतोय असं मला वाटत होतं.

रुबीनाची शेवटची मोठी तपासणी त्या आठवड्यात होती. मी तिला म्हटलं, थांब. माझ्या किडन्या परत येतायत, तुझी घ्यायची गरज पडणार नाही. तिला विश्वास बसला नव्हता, पण नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं असावं. तपासणी पुढं ढकलली. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

रविवार

शनिवारी मी डायलिसिसला गेलोच नाही. घरी सांगितलं की एकटा जातो, आणि शिरोलीच्या फाट्यावर चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. बाबासो पाळी संपवून आला. एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. मग एक पेला पाणी प्यायलो, थंड, एका दमात. त्या पेल्याची चव अजून तोंडात आहे. संध्याकाळी दवाखान्यातनं सिस्टरचा फोन आला, तो मी कट केला आणि घरी येऊन मशीनवरून आल्यासारखा थकून झोपलो.

रविवारी दुपारी जेवून आडवा झालो आणि श्वास घेता येईना. उठून बसलो तर थोडा आला. परत आडवा झालो तर छातीवर कुणी बसल्यासारखं. पाणी फुप्फुसात चढलं होतं, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की हवा समोर आहे आणि ती आत येत नाही. तोंडातून फेस यायला लागला. सना किंचाळली. रुबीना मला पाठीमागून धरून बसली आणि सनाला मामाला फोन लाव म्हणाली.

रियाज आईला घेऊन बाजाराला कोल्हापुरातच आला होता. तो दहा मिनिटांत आला असेल. माझ्याशी न बोलणाऱ्या त्या माणसानं मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि जिना उतरला. त्याच्या पाठीवर माझा फेस, माझी लाळ. गाडी शेजाऱ्यानं चालवायला घेतली, मागं रियाजनं माझं डोकं स्वतःच्या छातीला टेकवून सरळ धरलं होतं आणि कलमा पुटपुटत होता. मला वाटलं, संपलं. मला रुबीनाला सांगायचं होतं की मी काल गेलो नव्हतो, पण बोलायला श्वासच नव्हता.

आयसीयूत तोंडावर घट्ट मास्क बांधला, त्यातून मशीन हवा ढकलतं. हात बांधले, कारण मी मास्क ओढत होतो. तिथंच डायलिसिस लावलं. लंगोट बांधला. एवढी वर्षं तीस माणसांवर हुकूम चालवणारा मी, आणि माझी कूस बदलायलाही दोघं लागत होते. कुणी काही विचारत नव्हतं, जे करायचं ते करत होते. मी छताकडं बघून पडलो होतो, रडता पण येत नव्हतं कारण रडलं की मास्कमध्ये श्वास अडकायचा.

पुडी

माझे कपडे एका पिशवीत घालून रुबीनाकडं दिले होते. धुवायला काढताना तिला खिशात पुडी सापडली. ती चिडली असणार, पण मला वॉर्डात आणल्यावर तिनं ती नुसती उशाशी ठेवली. दुपारी नम्रता बघायला आली. तिची नजर पुडीवर गेली.

"काका, हे कधीपासून?"

मी सांगितलं. फुंकायला यायच्या आधी थुंकून यायचो तेही सांगितलं. ती खाली बसली. श्वासातला बराचसा अमोनिया तोंडातच तयार होतो, लाळेतल्या युरियापासून. तोंड आंबट असलं की तो तिथंच बांधला जातो, हवेत येतच नाही. आमसूल थुंकलं तरी आंबटपणा राहतो. म्हणजे डबीनं जे आलं ते बरोबर मोजलं होतं. आलंच कमी होतं. रक्तात सगळं होतं तसंच होतं. तिनं मला काय खाल्लं ते विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. ती रडायला लागली, म्हणाली, मी स्क्रीन झाकायला हवा होता. मी म्हटलं, तू कशाला रडतीस बाई, तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस. तिच्या अभ्यासात आता सगळ्या पेशंटना आधी तोंड धुवायला लावतात आणि काय चघळलं ते विचारतात. ती डबी एक दिवस फार उपयोगाची होईल, याबद्दल मला शंका नाही. माझ्यासारख्याला सुरुवातीलाच, पाहुण्यांसमोर ओरडायच्या आधी कळेल. माझ्यासाठी ती उशिरा आली.

ती गेल्यावर मी रुबीनाला शनिवारचं सांगितलं. टपरी, दोन चहा, पेला. तिनं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"झालं न्हवं सांगून?" ती म्हणाली. "उद्या मी तपासणीला जाणार हाय. आता तुम्ही मधी बोलायचं न्हाई."

मला तेव्हा कळलं की माझ्याकडं आता सांगायला काहीच उरलेलं नाही. ना आकडा, ना फौंड्री. मला जगायचं असेल तर तिला कापायचं, आणि मला जगायचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या गाडीत रियाजच्या छातीवर डोकं ठेवून मी फक्त जगायलाच मागत होतो. तिचा विचार त्यात कुठंच नव्हता.

कॅमेऱ्यासमोर

बायको किडनी देत असली तरी एक समिती दोघांना बोलावते. कुणी दबाव टाकत नाही ना, व्यवहार नाही ना, हे विचारतात आणि सगळं व्हिडिओवर घेतात. मागच्या बुधवारी आमचं झालं. दवाखान्यातलीच एक खोली, लांब टेबल, पलीकडं चार जण, कोपऱ्यात कॅमेरा. आधी तिला एकटीला आत घेतलं. मी बाहेर बाकावर रियाजशेजारी बसलो. तो अजूनही या बाजूनं नाही, पण ताईला सोडून राहवत नाही म्हणून आला होता.

मग मला आत बोलावलं. तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मधले साहेब चांगले होते, हळू बोलत होते. त्यांनी तिला माझ्यासमोर परत विचारलं, ऑपरेशनमध्ये काय धोका आहे ते समजलंय का. ती हो म्हणाली. मग विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली आहे का.

"जबरदस्ती झालीया साहेब," रुबीना म्हणाली. "पण माझ्यावर न्हाई. मी ह्यांच्यावर केलीया."

टेबलावरच्या एका बाईंना हसू आलं. साहेब म्हणाले, ताई, रेकॉर्डिंग चालू आहे, हो की नाही एवढंच सांगा. ती नाही म्हणाली. त्यांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडं वळले. पत्नीची किडनी स्वीकारायला तुमची संमती आहे का?

ती माझ्याकडं बघत नव्हती. समोर कॅमेऱ्याकडं बघत होती, ताठ बसून, फोटोला बसतात तशी. नाही म्हणावं असं पुष्कळ वाटलं. उठून निघून जावं असंही वाटलं. खुर्चीतून हललो नाही. व्हय म्हटलं.

साहेब म्हणाले, ऐकू आलं नाही, जरा मोठ्यानं बोला.

मी मोठ्यानं म्हटलं.